बाळाला औषध लागू पडले, हे कशावरून?

तुमच्या घरी किंवा शेजारी दोन-चार महिन्यांचे बाळ असेल, तर त्याच्या आईच्या खांद्यावर एक मऊ, जुना पंचा नेहमी पडलेला दिसेल. बाळ दूध पिते, ढेकर देते आणि ढेकरेबरोबर थोडे दूधही बाहेर टाकते. कधी ते जसेच्या तसे असते, कधी फाटल्यासारखे. त्यातच बाळ तासन् तास रडू लागले की घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणतात, “टाकू दे गं, टाकणारं बाळ अंग धरतं.” शेजारच्या काकू ग्राइप वॉटर सुचवतात. कोणी म्हणते, “याला ॲसिडिटी झाली आहे, औषध आणा.” यांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला थोडे भौतिकशास्त्र, थोडे रसायनशास्त्र आणि बरीचशी मोजणी लागते.

अन्ननलिका जठराला जेथे मिळते, तेथे स्नायूंचे एक वलय असते. ते झडपेचे काम करते. घास खाली उतरताना ते सैल पडते आणि एरवी आवळलेले राहते. मात्र पोटातील हवा बाहेर सोडण्यासाठीही ते अधूनमधून काही सेकंद सैल पडते. आपण उभे असलो तर जठरातील द्रव तळाशी राहतो, हवा वर येते आणि नुसता ढेकर येतो. उताणे झोपलेल्या बाळाची झडप मात्र दुधाखाली बुडालेली असते. त्यात रडताना पोटाचे स्नायू आवळले जाऊन दाब वाढतो. द्रव जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणारच! शिवाय दुधाचे प्रमाण पाहा. पाच किलोचे बाळ दिवसाकाठी सुमारे ७५० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे दर किलोला १५० मिलिलिटर. हाच हिशेब साठ किलोच्या माणसाला लावला, तर त्याला रोज नऊ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही बहुतेक वेळ आडवे पडून.

अमेरिकेत शिकागोच्या परिसरातील एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध बाहेर टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते ५ टक्क्यांवर आले. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आता आम्लाकडे वळू. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे इंग्लंडमधील विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्ये दाखवून दिले. रिकाम्या जठराचा पीएच मोठ्या माणसांत १ ते २ असतो. पीएच एकाने वाढला की आम्लता दहापटीने घटते, हे तुम्ही शिकला आहातच. दूध पोटात गेले की ते बरेचसे आम्ल शोषून घेते आणि पीएच काही काळ ४ च्या वर जातो. म्हणजे १ पीएच असलेल्या रसाच्या मानाने आम्लता हजारपटीहून कमी होते. त्यामुळे बाळाने टाकलेले दूध दरवेळी जळजळ करणारे असेलच असे नाही. दूध फाटलेले दिसणे हीही पचनातील नेहमीचीच गोष्ट आहे.

आम्ल कमी करणारी चांगली औषधे आपल्याजवळ आहेत, यात शंका नाही. जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. त्याच वर्षी ओमेप्राझोल बाजारात आले. जठराच्या पेशींमध्ये हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर या आयनांची संहती दहा लाख पटींनी जास्त असली, तरी ते पंप काम करीत राहतात! ओमेप्राझोल हे पंपच बंद पाडते. गंमत अशी, की हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून त्याच्या कणांवर आम्लात न विरघळणारे आवरण चढवतात. बाळाला कॅप्सूल गिळता येत नाही आणि कण कुटून दिले तर आवरण फुटते. बाळाचे औषध म्हणजे मोठ्यांच्या गोळीचा तुकडा नव्हे, ते असे.

पण आम्ल कमी झाले म्हणजे बाळाचे रडणे थांबले, असे म्हणता येईल का? ऑस्ट्रेलियात ३० रडव्या बाळांवर झालेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक बाळाला दोन आठवडे ओमेप्राझोल आणि दोन आठवडे तसेच दिसणारे नकली औषध दिले. काहींना हे आधी, काहींना ते आधी. ओमेप्राझोलने अन्ननलिकेत येणारे आम्ल खरोखरच घटले. रडणे मात्र दोन्ही औषधांवर सारखेच राहिले. सुरुवातीला बाळे दिवसाला सरासरी २६७ मिनिटे रडत व कुरकुरत होती. पहिल्या दोन आठवड्यांत ती २०३ मिनिटांवर आली, पुढच्या दोन आठवड्यांत १८८ वर. औषधांचा क्रम कोणताही असो, रडणे कमी होत गेले ते दिवस सरतील तसे!

२००९ मध्ये अमेरिकेतून १६२ बाळांवरील लॅन्सोप्राझोलची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या ८१ बाळांपैकी ४४ सुधारली. नकली औषध मिळालेल्या ८१ पैकी किती? तीही ४४. गंभीर आजारपण मात्र पहिल्या गटात १० बाळांना आले, दुसऱ्यात २ बाळांना. जठरातील आम्ल जंतूंना मारते. ते उगाच कमी करणे फुकटात पडत नाही. झडप घट्ट व्हावी म्हणून बाळांना दिले जाणारे सिसाप्राइड तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते म्हणून अमेरिकेत २००० मध्ये आणि भारतात २०११ मध्ये बंद झाले.

याचा अर्थ औषध कधीच नको, असा नव्हे. आम्लाने अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील, तर ओमेप्राझोलसारखे औषध काही आठवडे द्यावेच लागते. पण निदान डॉक्टरांनी करावयाचे, काकूंनी नव्हे. बाळाचे वजन वाढत नसेल, ते दूध नाकारत असेल, उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल अथवा पिचकारीसारखी दूर उडत असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. एरवी दूध थोडे थोडे पाजणे, ढेकर काढणे आणि पाजल्यावर काही वेळ उभे धरणे एवढे घरी करता येते. गायीच्या दुधातील प्रथिनांचा त्रास आहे का, हेही डॉक्टर तपासून पाहतात. झोपवताना मात्र बाळाला उताणेच ठेवावे. पालथे झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो.

आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. वीस नाणी घ्या. दहा नाण्यांना ‘औषध घेतलेली बाळे’ म्हणा, दहांना ‘न घेतलेली’. सगळी नाणी उडवा. छाप पडला तर बाळ सुधारले असे समजा. दोन्ही गटांतील छाप मोजून लिहून ठेवा आणि असे चाळीस-पन्नास वेळा करा. नाण्यांना कोणी औषध दिलेले नाही. तरीही सरासरी सात-आठ खेपांत एकदा ‘औषधा’चा गट तीन किंवा त्याहून जास्त छापांनी पुढे गेलेला दिसेल. मग वीसऐवजी दोनशे नाण्यांचा हिशेब करा (दहा जणांनी वीस-वीस नाणी उडवून बेरीज केली तरी चालेल) आणि दोन गटांतील टक्केवारीचा फरक आता किती उरतो ते पाहा.