गोंडांच्या ओळखीचं रुग्णालय

गडचिरोलीतले आदिवासी दवाखान्याला का बिचकतात, हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी त्यांनाच विचारलं. उत्तरं नेमकी होती. मोठ्या इमारतीत वाट सापडत नाही. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून कफन आठवतं. शिवाय तिथं आपला देव नाही.

याला अंधश्रद्धा म्हणणं सोपं होतं आणि माझ्या मते अन्यायाचंही. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेनं शोधग्रामचं रुग्णालयच आदिवासी पाड्यासारखं बांधलं: छोट्या झोपड्या, सोबतच्या माणसांना राहायला जागा. नाव दिलं मां दंतेश्वरी, गोंडांच्या देवीचं.

भाषेचा अडसर याहून कठीण. माडिया बोलणारी बाई पोटातलं दुखणं परक्या मराठीत कसं सांगणार? म्हणूनच गावातल्याच बाईला शिकवण्याचं मोल फार मोठं. ‘सर्च’नं गावोगावच्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: या कामाच्या तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.