पोर्ट लुईसची जुम्मा मशीद



रमजानचा महिना संपत आला की आमच्या शाळेत दर वर्षी एकच प्रश्न ऐकू येतो, "मिस, सुट्टी उद्या आहे की परवा?" त्याचे उत्तर माझ्याकडे नसते आणि मुख्याध्यापकांकडेही नसते. आपली गणेश चतुर्थी कधी आहे हे पंचांग आधीच सांगून ठेवते, पण ईद चंद्र दिसल्यावरच ठरते. चंद्र दिसल्याची बातमी पोर्ट लुईसच्या जुम्मा मशिदीतून येते आणि मग घरोघरी कळते की उद्या शाळा नाही. त्या एका संध्याकाळी हिंदू, ख्रिस्ती, चिनी, मुसलमान अशा सगळ्या घरांचे कान त्या मशिदीकडे लागलेले असतात.

ही मशीद आपण सर्वांनी पाहिलेली आहे. लहानपणी आजाबरोबर मी बाजारात भाजी आणायला जात असे, तेव्हा रॉयल स्ट्रीटवरून जाताना तिच्या पांढऱ्या भिंती, हिरवी किनार आणि नक्षीचे सागवानी दरवाजे दिसत. आजा क्षणभर थांबून हात जोडी आणि पुढे चालू लागे. आत मात्र आम्ही कधी गेलो नाही. चाळिशी उलटेपर्यंत मीही गेले नव्हते.

गेल्या वर्षी सहावीची मुले घेऊन आप्रवासी घाट पाहायला गेले. आपले पूर्वज ज्या सोळा पायऱ्या चढून या बेटावर आले, त्या मुलांना दाखवल्या. परत येताना मशिदीसमोर एका मुलीने विचारले, "मिस, आपल्याला आत जाता येते का?" मला उत्तर देता येईना. दारावरच्या गृहस्थांना विचारले. ते हसून म्हणाले, "नमाजाची वेळ नाही. चपला काढा आणि या." इतके ते सोपे होते.

आत गेल्यावर बाहेरच्या बाजाराचा गलबला कमी झाला. अंगणात बदामाचे जुने झाड आहे. आपण क्रेओलमध्ये ज्याला बदामिये म्हणतो आणि कोकणात ज्याला देशी बदाम म्हणतात, तेच हे झाड. मुले त्याच्या सावलीत बसली आणि मी त्यांना मशिदीची गोष्ट सांगितली. तीच येथे थोडक्यात सांगते.

मॉरिशसमधली पहिली मशीद ही नव्हे. फ्रेंचांच्या काळात, १८०५ साली, हिंदी खलाशांच्या वस्तीत, काँ दे लास्कार येथे पहिली मशीद उभी राहिली. पुढे इंग्रजी अमलात, १८३४ पासून, ऊस मळ्यांसाठी शर्तबंद मजूर येऊ लागले. सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. त्यात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची आपली माणसे होती, तसे मुसलमान मजूरही होते. त्यांच्या मागोमाग कच्छ आणि गुजरातेतून व्यापारी आले. मळ्यांत काम करणाऱ्या लाखो माणसांना तांदूळ आणि कापड लागे, आणि तो माल हे व्यापारी आणत. हे लोक भाडे भरून आपल्या पैशाने आले होते, आपले लोक अंगठा उठवून आले होते. हा फरक विसरून चालणार नाही.

१८५२ च्या ऑक्टोबरात या व्यापाऱ्यांपैकी काही जणांनी क्वीन स्ट्रीटवर दोन जागा ६,८०० पियास्त्रांना विकत घेतल्या. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ही खरेदी त्यांनी स्वतःसाठी केली नाही, तर मॉरिशसच्या मुसलमान जमातीच्या वतीने केली. १८५३ पासून तेथे नमाज सुरू झाला. नंतर शेजारच्या जागा एकेक करून घेतल्या गेल्या, आणि १८७८ ते १८९५ या काळात आजची मोठी इमारत पुरी झाली. तिच्यासाठी कारागीर हिंदुस्थानातून आले. म्हणूनच तिच्यात मोगली कमानी दिसतात आणि बेटावरच्या घरांचा थाटही दिसतो. मशिदीलगत कच्छहून आलेल्या पीर जमाल शाह यांची कबर आहे. ते १८५८ साली वारले.

तेव्हा शहरातले लोक हिला 'अरबांची मशीद' म्हणत. बांधणारे कोणीच अरब नव्हते! आपल्या लोकांनाही मुंबई बंदरातून आले म्हणून 'बोंबाय' हे नाव पडले होते, जरी बहुतेकांनी मुंबई जहाजावर चढण्यापुरतीच पाहिली होती. नाव दुसऱ्याने ठेवले, पण घर ज्याचे त्याने बांधले.

सगळी गोष्ट गोड नाही, आणि मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी मशिदीचा कारभार कोणी पाहावा यावरून मुसलमानांमधल्याच जमातींत भांडण झाले आणि ते कोर्टात गेले. कारभार कच्छी मेमण समाजाकडे राहिला. परंतु कारभार एकाकडे असला तरी प्रार्थनेची जागा सर्वांची राहिली. आज शुक्रवारी दुपारी पाहा. दुकानदार, गोदीतला कामगार आणि सरकारी साहेब एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे असतात. जुम्मा म्हणजे शुक्रवार, आणि त्याच दिवसावरून मशिदीचे नाव पडले.

हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "मिस, आमच्या गावच्या देवळाच्या कमिटीतही भांडण आहे." सगळी मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. आपल्या आजा-पणजांनी मळ्याच्या मजुरीतून नाणे नाणे जमवून देवळे उभी केली. ती कोणा एका घराण्यासाठी नव्हती. आज मात्र किती ठिकाणी अध्यक्ष कोण यावरून सख्खे चुलते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मुले देवळात येईनाशी होतात!

आणखी एक गोष्ट मनाला लागली. शाळेत भाषेच्या तासाला वर्ग फुटतो. मराठीची मुले माझ्याकडे येतात, उर्दूची मुले शेजारच्या खोलीत जातात. मध्ये एकच भिंत असते. त्या दिवशी अंगणात बसलेल्या माझ्या मुलांना शेजारच्या खोलीत काय वाचतात ते ठाऊक नव्हते, आणि त्या मुलांना आपला विठोबा ठाऊक नसेल. दोघांचेही पूर्वज त्याच पायऱ्यांवरून चढून आले होते.

आता माझी दोन विनंत्या आहेत. पुढच्या वेळी बाजाराला जाल तेव्हा नमाजाची वेळ टाळून, नीट कपडे करून, मुलांना घेऊन या मशिदीत जा आणि बदामाखाली बसा. आणि घरी आल्यावर आपल्या गावच्या देवळाचे जुने कागद कोणाकडे आहेत ते विचारा. जागा कोणत्या साली घेतली आणि कोणाच्या नावाने घेतली ते मुलांना वाचून दाखवा. तेथे "सर्वांसाठी" असे लिहिलेले सापडले, तर कमिटीच्या पुढच्या बैठकीत ते एकदा मोठ्याने वाचावे.