हळदीचा रंग आणि अवरक्त किरणांची साक्ष

१९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. आज शीवलगतच्या माटुंग्यात रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून परिचित असलेल्या या ठिकाणी रंग आणि अन्न या दोन्ही विषयांचे अध्ययन होते. हळदीच्या पुडीत हे दोन्ही विषय एकत्र येतात.

हळदीचा पिवळेपणा कुर्क्युमिन या रंगद्रव्यामुळे असतो. पदार्थावर अवरक्त किरण सोडले असता त्यातील अणूंचे बंध ठरावीक लहरी शोषून घेतात व यंत्र त्याचा आलेख काढते. कुर्क्युमिनच्या आलेखात, एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ३,५०० लहरी असतात त्या भागात हायड्रॉक्सिल गटाची, तर १,६३० च्या आसपास कार्बोनिल गटाची खूण उमटते. मात्र ओलाव्यातील पाणीही याच भागांजवळ शोषण करते. म्हणून नमुना आधी नीट वाळवावा लागतो. मेटॅनिल यलो या अन्नात परवानगी नसलेल्या रंगातील सल्फोनेट गट १,००० ते १,२०० च्या दरम्यान दिसतो. परंतु तेथेच हळदीतील स्टार्चही दिसतो. यास्तव एका खुणेवरून निष्कर्ष न काढता शुद्ध नमुन्याच्या आलेखाशी संपूर्ण तुलना करावी लागते आणि वर्णलेखनासारख्या अन्य चाचणीची जोड द्यावी लागते.

एकीकडे ग्राहकाचे आरोग्य, तर दुसरीकडे सचोटीच्या व्यापाऱ्याची अब्रू. आलेख वाचणाऱ्याच्या दक्षतेवर दोन्ही अवलंबून असतात.