बेवारस बुद्धिमत्ता

मनुष्यजात लयाला गेली तर पृथ्वीची गादी कोणाकडे जाईल, या प्रश्नाला ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ टिम कूल्सन यांनी ऑक्टोपसाचे नाव घेऊन उत्तर दिल्यापासून वर्तमानपत्रांतून या अष्टभुज प्राण्याच्या राज्यारोहणाची जी धामधूम चालली आहे, ती पाहून प्रस्तुत लेखकास वारसाहक्काचे दप्तर एकदा उलगडून पाहण्याची इच्छा झाली.

उमेदवाराची लायकी नाकबूल करण्याचे कारण नाही. इंडोनेशियाच्या समुद्रतळावर नारळाच्या करवंट्या पोटाशी धरून, भुजा काठ्यांसारख्या ताठ करून चालणारा आणि संकट दिसताच त्याच करवंट्यांत दडून बसणारा ऑक्टोपस २००९ साली शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आला. उद्याच्या गरजेसाठी आज ओझे वाहणे ही दूरदृष्टी कित्येक गृहस्थांतही आढळत नाही.

परंतु हा विद्वान जगतो किती? सामान्य ऑक्टोपसाचे आयुष्य एकदोन वर्षांचे. मादी अंडी घालते, अन्न वर्ज्य करून त्यांवर पहारा देते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा त्यांनी अंड्यांकडे पाठ फिरवली, त्या पुन्हा खाऊ लागल्या आणि अधिक काळ जगल्या. म्हणजे मृत्यूचा हुकूम त्यांच्या देहातूनच सुटत होता! आईने जे कमावले ते तिच्याबरोबर बुडते, आणि प्रत्येक पिल्लाला मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो.

न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्याची गोष्ट निराळी. २००२ साली ऑक्सफर्डमध्येच बेट्टी नावाच्या मादीने, आकडा असलेली तार जोडीच्या नराने पळवल्यावर, उरलेली सरळ तार स्वतः वाकवून नळीच्या तळातली खाद्याची इवली बादली वर ओढून काढली. पुढे रानातले कावळेही काटक्या वाकवतात असे आढळले आणि बेट्टीच्या नवलाईचा रंग थोडा उतरला. मला मात्र तिच्या पराक्रमापेक्षा तिच्या कुळातली वहिवाट मोलाची वाटते. हत्यार धरण्याची ओढ या पक्ष्यांत उपजत असली, तरी त्यांची पिल्ले पुष्कळ महिने आईबापांच्या मागे हिंडतात, केतकीच्या जातीच्या पानांच्या काटेरी कडेतून आईबापांनी कापलेली हत्यारे उचलून पाहतात, चुकतात, पुन्हा उचलतात. उमेदवारीचा असा काळ ऑक्टोपसाच्या नशिबी नाही.

पिंडाला शिवण्यापुरतीच ज्याची आपण वाट पाहतो, त्याच्या या दूरच्या भाऊबंदाचा अर्ज मी दाखल करून घेतो. ऑक्टोपसाचा तूर्त नामंजूर.