ठेंगण्या स्वयंपाकघरातला उजेड

स्वयंपाकघरातला दिवा हा विषय वाचून काही श्रोते मनात हसले असतील. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, बदली कामगारांवर बोलावे. फळीखालच्या दिव्यावर त्याने काय सांगावे? आमचे उत्तर साधे आहे. ज्या जागी एक माणूस रोज आठ-दहा तास उभा राहून विळी, तापलेला तवा आणि उकळते पाणी हाताळतो, ती जागा कामाचीच जागा होय. तेथे मस्टर नाही, भोंगा नाही आणि तपासणीला येणारा इन्स्पेक्टरही नाही, एवढाच फरक.

आमचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पुढे चळवळीत आल्यावर १९४८ चा कारखाने अधिनियम आम्ही शेजारी कोश ठेवून वाचला. त्याच्या १७ व्या कलमात उजेडाविषयी लिहिले होते. कामाच्या जागी पुरेसा आणि योग्य उजेड असावा. उजेडासाठी असलेल्या खिडक्यांच्या काचा आतून व बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात. आणि डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात होईल अशी तिरीप अथवा सावली पडू देऊ नये. २०२० साली संसदेने कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी नवी संहिता मंजूर केली. पण कायद्याचे नाव बदलले म्हणून माणसाचा डोळा बदलत नाही. पुरेसा उजेड, स्वच्छता आणि सावलीचा बंदोबस्त, ही तीन सूत्रे आजच्या विषयाला पुरी पडतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. वडिलांचा पगार थांबला आणि आईने खानावळ सुरू केली. यात नवल काहीच नव्हते. गिरणगावात घरोघर खाणावळी चालवणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या होत्या, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटितही केले होते. आमची खोली एकच. तिच्या निम्म्या भागावर लाकडी पोटमाळा. वर सामान आणि झोपणारी माणसे, खाली चूल. पोटमाळ्याच्या फळ्या जमिनीपासून जेमतेम साडेसहा फूट. त्यांच्या मधोमध एक पिवळा बल्ब लोंबत असे. आई भिंतीकडे तोंड करून कामाला उभी राहिली की तो बल्ब तिच्या पाठीमागे येई. तांदळातला खडा तिला दिसत नसे, बोटांनी लागत असे. पुढे आम्ही गेटसभांतून कारखान्यातल्या उजेडावर तावातावाने बोललो. पण आईचा बल्ब पुढे सरकवावा हे आम्हांला कधी सुचले नाही. ही चूक आमची आहे आणि ती आम्ही येथे कबूल करतो.

ती ध्यानात आणून दिली एका खानावळवाल्या मावशींनी. त्यांच्या खोलीतही असाच पोटमाळा. संध्याकाळी आम्ही सहज म्हणालो, “मावशी, दिवा कमी वाटतो. मोठा बल्ब लावा की.” त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “भाऊ, उजेड लई हाय. पण त्यो माझ्या पाठीवर हाय, परातीत न्हाई.”

सारा विषय या एका वाक्यात आला. छत उंच असले की दिव्याचा प्रकाश भिंतींवर आणि छतावर पसरून चहूबाजूंनी परत येतो, त्यामुळे सावली पातळ होते. छत ठेंगणे असले की दिवा डोक्याच्या जवळ येतो, आणि दिवा जितका जवळ तितकी अंगाची सावली मोठी व काळी. अशा ठिकाणी मोठा बल्ब लावला तर पाठ अधिक उजळते, डोळे अधिक दिपतात आणि हातांवरची सावली होती तशीच राहते. म्हणून पहिला प्रश्न “किती वॅटचा?” हा नसून “कोठे?” हा आहे.

दिवा काम करणाऱ्याच्या पुढे हवा. म्हणजे ती व्यक्ती आणि भिंत यांच्या मध्ये, हातांच्या वर. ओट्यावर मांडणीची फळी असेल तर फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ, एलईडीचा लांब पट्टी-दिवा बसवावा. पट्टी लांब असल्यामुळे बोटांची सावलीही एका जागी गडद पडत नाही. फळीच्या कडेला दोन बोटे रुंदीची लाकडी पट्टी खाली सोडावी. तिच्याआड दिवा लपतो. उजेड परातीत पडतो, डोळ्यांत शिरत नाही.

येथे ठेंगणे छत उपयोगीही पडते. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड दुप्पट नव्हे, चौपट होतो. चार फुटांवरून जो बल्ब एक भाग उजेड देतो, तोच दोन फुटांवरून चार भाग देतो. म्हणून जवळच्या कामाला मोठा दिवा लागतच नाही. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश देई. आजचा ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ९०० देतो. ल्युमेन हे प्रकाशाचे माप, वॅट हे विजेच्या खर्चाचे. खोक्यावर दोन्ही छापलेली असतात. घेताना ल्युमेन वाचावे. रोज सहा तास धरले तर जुना बल्ब महिन्याला जवळजवळ ११ युनिटे खाई. नवा दोन युनिटेही खात नाही.

खोक्यावर आणखी दोन आकडे पाहावेत. एक केल्विनचा: २७०० म्हणजे पिवळसर उजेड, ४००० म्हणजे पांढरा, ६५०० म्हणजे निळसर. निवडण्या-टिपण्याच्या कामाला ४००० च्या आसपासचा बरा. दुसरा आकडा सीआरआय नावाचा. दिव्याखाली वस्तूचा रंग कितपत खरा दिसतो ते तो सांगतो. तो ८० च्या खाली नसावा, ९० मिळाला तर उत्तम. पालेभाजीचे पिवळे पान आणि खोबऱ्याची बुरशी वेळीच दिसणे हे शेवटी खाणाऱ्याच्या पोटाशी येते.

दुसरे सूत्र स्वच्छतेचे. मावशींच्या पोटमाळ्याच्या फळ्या पूर्वीच्या स्टोव्हच्या काजळीने काळ्या पडल्या होत्या, आणि काळा रंग उजेड गिळतो. आम्ही त्या आधी घासून घेतल्या व धुता येईल असा, न चकाकणारा पांढरा रंग दिला. दिवा बदलण्यापूर्वीच खोली मोकळी वाटू लागली. त्यानंतरही पंधरवड्यातून एकदा, बटण बंद करून, दिव्यावरचा तेलकट थर कोरड्या फडक्याने पुसावा लागतो.

वावरण्यापुरता दुसरा दिवा हवाच. पण तो लोंबता नसावा, नाहीतर डोक्याला लागेल. छताला चिकटून बसणारा इंचभर जाडीचा चपटा दिवा पोटमाळ्याखाली मोरीच्या वाटेजवळ लावला. दोन दिव्यांना दोन बटणे. याचे कारण बायकांना सांगावे लागत नाही. मावशी पहाटे चारला उठतात तेव्हा बाकीचे झोपलेले असतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून त्या इतकी वर्षे अंधारात चाचपडत कणीक मळत होत्या. आता फळीखालचा दिवा तेवढा ओट्यापुरता लागतो.

आता सुरक्षिततेचे. पोटमाळा लाकडी, वायरी जुन्या, खाली विस्तव आणि पाणी. येथे हातचलाखी नको. परवानाधारक वायरमन बोलवावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवावे. दिवा शेगडीच्या नेमका वर घेऊ नये; उष्णता व वाफ त्याचे आयुष्य खाते. मोरीवर तर मुळीच घेऊ नये.

दिवे, रंग आणि मजुरी धरून मावशींचा सारा खर्च खानावळीच्या एका आठवड्याच्या भाजीपाल्याएवढा झाला. पण गोष्ट तेथे संपली नाही. दिवा लागला त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा आनंदाने म्हणाला, “आई, आता रात्रीचे आणखी दहा डबे घेता येतील.”

आम्हांला गिरणीचा इतिहास आठवला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी अंधार पडला की साचे थांबत. दिवे आल्यावर दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणण्यासाठी १९११ चा कायदा व्हावा लागला. दिव्याने कामगाराची दृष्टी वाचवली आणि त्याची संध्याकाळ घेतली. ही दुसरी बाजू आम्ही मुलाला सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग दिवा लावायचाच नाही का?”

लावायचा. पण तो किती वाजेपर्यंत जळावा हे ज्याचे हात त्याखाली राबतात त्याने ठरवायचे. म्हणून वायरमनने बटण कोठे घ्यायचे असे विचारले तेव्हा दाराजवळ नको, ओट्याच्या उजव्या अंगाला घ्या, असे आम्ही सुचवले होते. मावशींनी डब्यांची संख्या वाढवली नाही. रात्री नऊ वाजले की त्या हात पुसतात, फळीखालचा दिवा बंद करतात आणि बाहेर गॅलरीत येऊन बसतात.

श्रोत्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच करावे. स्वयंपाकघरातला दिवा लावून ओट्यापुढे स्वतः उभे राहावे, हातात विळी घ्यावी आणि आपली सावली कोठे पडते ते पाहावे. ती हातांवर पडत असेल, तर तेथे रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला आधी विचारावे, आणि मग वायरमनला बोलवावे.