बुकिंग गाडीचं, गावाचं नव्हे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कॅराव्हॅनच्या जाहिराती सुरू होतात. चाकांवरचं घर, आत गादी-गॅस-संडास, खिडकीबाहेर समुद्र. पाठोपाठ अमुक किनाऱ्यावर कॅराव्हॅन पार्क होणार, अशा बातम्याही येतात. राज्याने २०२१ साली यासाठी स्वतंत्र धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. अनुदान, परवाने, गाडीचे प्रकार यांवर लिहून झालं आहे. मला लिहायचंय ते थांबण्याबद्दल.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं भाड्याची कॅराव्हॅन घेऊन फोंडा घाटाने मालवणला उतरलो. एक रात्र मालवण आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वेंगुर्ला, असा बेत होता. सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गेलो, तर वाळूत होडीला टेकून रापणकरांचा एक घोळका बसलेला. मुलांनी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कधी ओढणार म्हणून विचारलं. त्यांतले सर्वांत वयस्कर आजोबा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, “आज काय खरा नाय. मासळी लागाक होयी ना. उद्या पाटे येवा. हात लावल्यात तर वाटो गावतलो.”

शेजारी उभं असलेलं एक कुटुंब हळहळत निघून गेलं. अकराला खोली सोडायची होती आणि संध्याकाळी गोव्यातलं बुकिंग होतं. आम्ही थांबलो. आमचं बुकिंग गाडीचं होतं, गावाचं नव्हतं. कॅराव्हॅनच्या बाजूने मला ठामपणे एवढंच सांगता येईल, आणि माझ्या लेखी ते पुरेसं आहे. मासेमारीचं गाव घड्याळावर चालत नाही. ज्याला ते बघायचंय, त्याच्या हाताशी एक मोकळा दिवस असावा लागतो.

तो दिवस आजोबांनी आमच्यावर खर्च केला. जेट्टीजवळच्या खडकावर बसून त्यांनी धाकटीला गरवायला शिकवलं. काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, तिला शिसं आणि गरी, गरीला कोळंबीचा तुकडा. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बोटाने ऐकायचं. पहिला मासा लागला तो शेंगाळा, वीतभर. ती हात घालणार इतक्यात त्यांनी मनगट धरलं. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. तो विषारी, टोचला तर हात ठणकत राहतो. त्यांनी ओल्या फडक्यात मासा धरला, पक्कडीने तिन्ही काटे कटकट मोडले आणि मगच तो तिच्या हातात दिला.

मग त्यांनी विचारलं, “चेडवा, आज तिथ खयची?” तिने मोबाइलमध्ये पाहून नवमी सांगितली. “नवाचे पाऊणपट?” पावणेसात. एवढे वाजले की पूर्ण भरती. उद्या दशमी, म्हणजे साडेसात. हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला चांगला जुळतो. मालवणात पाणी त्याच्या थोडं आधी भरतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज साधारण पाऊण तासाने सरकते, कारण चंद्रही रोज जवळजवळ तेवढाच उशिरा माथ्यावर येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. शाळेत भरती-ओहोटीचा धडा मीही वाचला होता, पण हा पाऊणकीचा पाढा मला कुणी शिकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत होडी पाण्यात गेली. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून तिने समुद्रात मोठा अर्धगोल घेतला आणि दुसरं टोक बरंच लांब आणून दिलं. दोन्हीकडे माणसं दोराला लागली. पाय वाळूत रोवायचे, मागे रेलायचं, एक-दोन पावलं सरकायचं. शेवटी पोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याशी पुढे जातो, म्हणजे रांग सतत फिरत राहते. दोन-अडीच तास. तळहात सोलवटले. जाळ्याचा घेर लहान होत गेला तसं पाणी खळबळायला लागलं आणि मधली पिशवी वाळूवर आली तेव्हा आत तारल्या, बांगडे, थोडी कोळंबी, चार खेकडे. आजोबांच्या मते जेमतेम. आमच्या वाट्याला आठ बांगडे आले.

जेमतेम का, हेही त्यांनीच सांगितलं. मासळी किनाऱ्याजवळ आली तरच रापणीत सापडते. ती बाहेरच पर्ससीन जाळ्यांनी उचलली, रात्री एलईडी दिव्यांनी ओढून घेतली, तर इथे काय यायचं? एलईडी मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले, २०२१ मध्ये कायदा बदलून दंड वाढवले. दांडीच्या वाळूत बसलेल्यांना त्यातलं फारसं काही जाणवलेलं नाही. कॅराव्हॅनच्या जाहिरातीत रापणीचा फोटो छापणाऱ्यांनी हे ऐकायला हवं, कारण तो फोटो दर वर्षी काढायला मिळेलच असं नाही.

आता गाडीबद्दल. चार माणसं आणि एक टाकी, त्यात मासे धुणं. पाणी दुसऱ्या सकाळी संपलं. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, याचं उत्तर गाडी देणाऱ्याकडे नव्हतं. आम्ही ज्यांच्या माडाच्या वाडीत गाडी लावली होती, त्या वहिनींनी आपल्या घरच्या संडासाच्या टाकीत ती ओतू दिली, विहिरीचं पाणी दिलं, वीज दिली आणि वर तिरफळं घालून बांगड्यांचं तिखलं करून वाढलं. पैसे घ्यायला तयार होईनात.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. किनाऱ्यालगत सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांमुळे बांधकामाला बंधनं आहेत, म्हणून तिथे कॅराव्हॅन सोयीची, हा युक्तिवाद मला पटतो. पण म्हणून गाडी वाळूवर न्यायची नाही. नोव्हेंबरपासून या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली वाळू दबली की पिल्लं वर येऊ शकत नाहीत. आणि गावाबाहेर कुंपण घालून मोठा पार्कही नको. न्याहारी निवास चालवणाऱ्या घरांना वाडीत एक-दोन गाड्यांची जागा, पाण्याचा नळ, विजेचा बोर्ड आणि मैला रिकामा करायची नीट सोय करायला पैसे द्या. चार पैसे त्या घरात राहतील. पाहुण्याला रापण कधी आहे ते फलकावर वाचावं लागणार नाही, शेजारून कळेल.

दशमीला दुपारी निघालो. वेंगुर्ल्याच्या वाटेवर धाकटी मागच्या गादीवर पालथी पडून खिडकीतून बघत होती. हाताला अजून शेंगाळ्याचा वास होता, तो तिला धुवायचा नव्हता.

“उद्या एकादशी,” ती म्हणाली. “सव्वाआठ. वेंगुर्ल्याला त्याच्याही आधी.”