अकोल्याचा उठला, अमरावतीचा आला!

बदनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत क्रिकेटचा विषय निघाला, की एक वाद हटकून रंगतो. अकोल्याचा अथर्व तायडे मोठा खेळाडू होणार की नाही?

वादाचे मूळ आयपीएलच्या १७ मे २०२३ च्या सामन्यात आहे. धर्मशाळेला पंजाबपुढे दिल्लीने २१४ धावांचे लक्ष्य ठेवले होते. तेवीस वर्षांच्या अथर्वने ४२ चेंडूंत ५५ धावा काढल्या. परंतु शेवटच्या पाच षटकांत ८६ धावा हव्या असताना तो आपण होऊन तंबूत परतला. याला म्हणतात 'रिटायर्ड आउट'. गोलंदाजाने बाद केले नाही, तरी वहीत नोंद बाद अशीच! त्याच्या जागी आला अमरावतीचा जितेश शर्मा. दैवाची थट्टा पाहा, जितेश शून्यावर बाद झाला आणि पंजाबचा संघ १५ धावांनी हरला.

"जमलेल्या पोराले उठवलं कायले?" अकोलेकर विचारतात.

"रन निघत नव्हते, त मंग काय करावं?" अमरावतीकरांचे उत्तर तयार.

काळाने दोघांनाही न्याय दिला. मे २०२५ मध्ये लखनौला जितेशने बंगळूरसाठी ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला इराणी करंडकाच्या सामन्यात अथर्वने १४३ धावा केल्या आणि विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी नमवले. ज्या सबुरीपायी एकदा उठावे लागले, तिनेच पुढे करंडक आणला!

तेव्हा वाचकहो, पोरगा कसा हे ठरवण्याआधी सामना कोणता, हे विचारावे.